सोने खरे, नाणे खोटे



अध्यक्षपदाचे हे आसन आपण मला कोणत्या गुणासाठी दिले असावे, याचा शोध निमंत्रणपत्र हाती पडल्यापासून मी करीत आलो आहे. ज्यांचा संग्रह माझ्या संग्रहाच्या दसपट भरेल असे गृहस्थ मला येथून पहिल्याच रांगेत दिसतात; ब्राह्मी, फार्सी आणि हळेगन्नड सहज वाचणारे अभ्यासक त्यांच्या मागे बसले आहेत. राहता राहिला एक गुण, ज्यात मला या सभागृहात प्रतिस्पर्धी नसावा अशी माझी नम्र समजूत आहे: पन्नास वर्षांच्या या व्यासंगात खोटी नाणी घेण्यात, खरी नाणी नासवण्यात आणि हातची उत्तम नाणी मातीमोलाने घालवण्यात मी जितके द्रव्य खर्ची घातले, तितके क्वचितच कोणी घातले असेल. तेव्हा ज्या विषयात माझा अधिकार निर्विवाद आहे, त्याच विषयावर आज बोलतो.

हा विषय हुबळी-धारवाडात काढण्यास एक ऐतिहासिक औचित्यही आहे. शिवछत्रपतींच्या सुवर्णनाण्याला आपण होन म्हणतो, तो शब्दच मुळी या मातीतला. कानडीत ‘होन्नु’ म्हणजे सोने. पलीकडे गदगजवळच्या लक्कुंडीची, म्हणजे जुन्या लोक्किगुंडीची टांकसाळ चालुक्यांच्या काळी इतकी नावाजलेली, की तिच्या नाण्याला गावाच्या नावाने ‘लोक्कि गद्याण’ असे ओळखीत. १६७३ साली मराठी फौजेने हुबळीची पेठ लुटली तेव्हा इंग्रजांच्या वखारीलाही झळ लागली. पुढल्याच वर्षी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमे घेऊन रायगडी गेला, आणि त्यांपैकी एक कलम असे होते की कंपनीची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. महाराजांचे त्यावरील उत्तर प्रत्येक संग्राहकाने ध्यानात ठेवावे असे आहे: ज्या नाण्यात रयतेचा तोटा ते नाणे घेण्याची सक्ती मी तिच्यावर करू शकत नाही, तुमचे नाणे कसाला उतरत असेल, तर त्याला मनाईही नाही.

परंतु आपल्या गावाचे नाव या प्रकरणात केवळ कीर्तीने येते असे नाही. पेशवाईतील टांकसाळींचा वृत्तान्त न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दफ्तरे चाळून जुळवला, त्यात धारवाड येते ते फिर्यादीच्या निमित्ताने. थोरल्या माधवरावांनी १७६४ साली धारवाड काबीज केले, आणि या प्रांतातील खाजगी टांकसाळी हीन कसाची नाणी पाडून रयतेला आणि सरकारला सारखेच बुडवीत आहेत असे उघडकीस आल्यावर, त्या सर्व बंद करून धारवाडास एकच सरकारी टांकसाळ घालण्याचा आणि ती पांडुरंग मुरार यांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम त्यांच्याच कारकिर्दीत सुटला. खोट्या नाण्याच्या बाबतीत आपण सारे कुलीन घराण्यातले आहोत, हे एकदा मान्य केले म्हणजे पुढील बोलणे सोपे जाते.

त्या काळचा बाजार नाण्याच्या तोंडावर विश्वास ठेवीत नसे. बागलकोटला रास्त्यांनी पाडलेला मल्हारशाही रुपया, अंकुशी, चांदवडी आणि नाना टांकसाळींचे नाना रुपये एकाच पेठेत फिरत. प्रत्येकाचा बट्टा निराळा आणि तोही गावोगाव बदलणारा. पोतदार नाणे दगडावर वाजवी, तराजूत घाली, नखाने त्याची कड चाचपी, आणि खातरजमा झाल्यावर कित्येक सराफ आपला बारीकसा छाप त्यावर ठोकून देत. आजच्या लिलावात अशा ठोक्यांचा रुपया ‘खराब’ म्हणून मागे ढकलला जातो आणि त्याची किंमत पडते. बाजाराचा तो न्याय मला कधीच पटला नाही. तो ठोका म्हणजे एका माणसाने आपल्या पेढीची अब्रू पणाला लावून दिलेला दाखला होता. ‘मी तपासले, मी घेतले, उद्या खोटे निघाले तर मला विचारा,’ असे सांगणारी ती खूण असे. आपल्या व्यवहारातून नाहीसे झाले आहे ते हेच, आणि आपल्या बहुतेक महागड्या चुका येथूनच निघतात असे माझे मत आहे.

माझी स्वतःची सर्वांत महाग चूक १९७४ सालची. राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचे ते वर्ष. मी सव्वीस वर्षांचा, नोकरीत नुकताच कायम झालेला. एका दूरच्या गावातील प्रतिष्ठित सराफाने, ज्याचे नाव सांगण्याचे आज काहीच प्रयोजन नाही, मखमलीच्या चौकोनी डबीतून एक होन माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. अक्षरे ठसठशीत, भोवतीची मण्यांची वेल अखंड. मी फसलो नाही, असे मला त्या दिवशी प्रामाणिकपणे वाटत होते, कारण शहाण्या माणसाने जे करावे ते सर्व मी केले: वजन केले, ते जमले, कसोटीवर रेघ ओढून घेतली, कस उत्तम उतरला. तीन महिन्यांचा पगार मोजून मी तो होन घेतला. सुवर्णनियंत्रण कायद्याचे ते दिवस. कागद करण्यास विकणारा नाखूष होता, आणि मी त्याहूनही नाखूष होतो.

अकरा वर्षे तो होन माझ्या संग्रहाचा मुकुटमणी होता. पाहुणे आले की चहाच्या आधी होन निघे. मग एके दिवशी बेळगावकडील एका स्नेह्यांनी आपला नवा होन मला दाखविला. ‘पति’मधल्या वेलांटीच्या खाली त्याला एक सूक्ष्म खाच होती, आणि ती पाहताच माझ्या पोटात खड्डा पडला, कारण ती खाच मला पाठ होती. एकाच छापाखाली ठोकलेली दोन नाणी एकमेकांसारखी असू शकतात. छापाला तडा गेला तर तोही दोन्हींवर उमटेल. पण ठोकल्यानंतर वापरात पडलेली खाच, कडेवरचा चेप, तळवटावरचा ओरखडा हे प्रत्येक नाण्याच्या स्वतःच्या आयुष्यातले अपघात असतात, आणि दोन नाण्यांना एकाच जागी एकच अपघात होत नाही. कोणी तरी एका अस्सल होनाचा साचा घेऊन त्यात सोने ओतले होते, आणि ते सोने निर्भेळ वापरले होते. कसोटीने मला खरेच सांगितले होते. मीच तिला भलता प्रश्न विचारला होता. तिचे काम सोने पारखण्याचे, नाणे पारखण्याचे काम तिच्याकडे कधी नव्हतेच.

येथे आणखी एक कबुली द्यावयास हवी. घरी परतताना गाडीत माझ्या मनात प्रथम आलेला विचार इतिहासाचा नव्हता. हा होन आता कोणाला विकावा, हा होता. हुबळीतील एका हौशी व्यापाऱ्याचे नावही डोळ्यांपुढे आले. तो विचार मी अमलात आणला नाही याचे श्रेय माझ्या सदाचाराला फारसे नाही. तो व्यापारी त्या महिन्यात यात्रेला गेला होता, आणि तो परत येईपर्यंत मी शांत झालो होतो. माझ्या स्नेह्यांनी मात्र आपला होन वर्षभरात विकला. आज तो कोणाच्या डबीत आहे, कोणत्या पाहुण्यापुढे निघतो आणि कितव्या हाती गेला आहे हे परमेश्वर जाणे. घेणाऱ्याची चूक एका खिशात मुकाट्याने पडून राहत नाही. विकण्याची वेळ आली की ती चूक अपराध होऊन पुढे चालू लागते.

खरेदीतील इतर चुका मी भराभर सांगतो, कारण त्या आपणांपैकी बहुतेकांनी केल्या आहेत. शिवराई दिसली की ती महाराजांच्या हयातीतली असे गृहीत धरून पैसे मोजणे, ही त्यांतली सर्वांत भाबडी. शिवराई महाराजांच्या पश्चात दीर्घकाळ पाडली गेली, आणि दोन आडव्या रेघांची दुदांडी तर पेशवाईच्या अखेरीची नि कंपनी सरकारच्या अमदानीची. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मिळ, म्हणून १९३८ च्या रुपयावरील आठाचा नऊ करून देणारे कारागीर निघाले. भिंगाखाली त्या नऊच्या शेपटीजवळ कोरणीची वाट दिसते. रामपंचायतन नाही तर हनुमान आणि त्याखाली १८१८ साल असे कंपनीचे म्हणून मिरवले जाणारे तांब्याचे तुकडे जत्रेतल्या खेळण्याच्या लायकीचे. तांदूळ ओढून घेते असे सांगून विकल्या जाणाऱ्या नाण्यापायी तर या प्रांतात घरे धुवून निघाली आहेत. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांना लाखो रुपये देऊ, फक्त आधी ‘कमिशन’ भरा, असा दूरध्वनी आला तर एवढेच आठवावे की रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून असल्या देण्याघेण्याशी आपला काडीचा संबंध नाही असे सांगितले आहे.

नासवण्याच्या प्रकाराकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. आमच्या आत्या धारवाडच्या वाड्यात लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी देवघरातली सारी तांब्या-पितळेची उपकरणी चिंच आणि राख लावून घाशीत, आणि त्यांबरोबर आजोबांच्या चंचीतल्या सतरा शिवरायाही. दरवर्षी त्या लालभडक होऊन चौरंगावर येत आणि दरवर्षी त्यांवरचे अक्षर एक केसभर पुसट होई. तांब्यावर शंभर-दोनशे वर्षांत चढलेला हिरवट-तपकिरी थर म्हणजे त्या नाण्याची त्वचा. ती सोलली की ती पुन्हा येत नाही, आणि जाणकार ग्राहक घासलेल्या नाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आत्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्या देवाची सेवा करीत होत्या; मी तेच काम पुढे लिंबाने केले, आणि तेही नाणे विकण्यापूर्वी ‘उठून दिसावे’ म्हणून.

आता विकणाऱ्यांविषयी. हुबळीच्या सराफ बाजारात मी एकदा एका वृद्ध बाईंना पुतळ्यांची माळ मोडताना पाहिले. आपल्या मराठी घरांतल्या पुतळ्या म्हणजे मूळची व्हेनिसची मोहर: संत मार्क उभा, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तिथला राजप्रमुख, अशा मनुष्याकृती असलेली म्हणून ‘पुतळी’. समुद्रमार्गे आलेल्या या मोहरांना कडी लावून आपण माळा केल्या. मोहरा अपुऱ्या पडल्या तेव्हा आपल्या सोनारांनी हुबेहूब नकला केल्या, ज्यांवरची लॅटिन अक्षरे न कळल्यामुळे नुसत्या रेघा झाल्या. दुकानदाराने माळ ताटलीत टाकली, झाळणाची घट धरली, आणि आकडा सांगितला. त्या माळेत अस्सल किती आणि नकली किती हे बाईंना ठाऊक नव्हते, दुकानदाराला त्याचे कर्तव्य नव्हते. आणि गंमत अशी की त्या देशी नकलाही आज अभ्यासकांच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. मी पुढे होऊन बोललो नाही. का बोललो नाही, हे मी अनेकदा स्वतःला विचारले आहे.

दुसरा प्रसंग आपल्याच गावचा, आणि अधिक लाजिरवाणा. एका परिचितांनी टिपूचा हत्तीछाप पैसा भाजीच्या भावाने विकला. वर्षाचे आकडे निरर्थक आहेत, टांकसाळीचे नाव अनोळखी आहे, म्हणजे नाणे बनावट असणार, असा त्यांचा तर्क. टिपूने आपला मौलुदी संवत् सुरू केल्यावर नाण्यांवरचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहविले, हे त्यांना माहीत नव्हते. १२१६ हे वर्ष रोजच्या रीतीने वाचणाऱ्याला ६१२१ दिसणार. आणि ती अनोळखी टांकसाळ, ‘खुर्शेद-सवाद’? ते टिपूने धारवाडला दिलेले नाव! सद्गृहस्थांनी आपल्या घरापासून मैलभरावर पाडलेले नाणे परके म्हणून काढून टाकले होते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र शेतात होते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे सुमारे १३,२५० चांदीची नाणी एका ठिकाणी सापडली. ती सारी क्षत्रप नहपानाची, पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला. एकेकटे नाणे बाजारात आले असते तर कोणीही ‘दुहेरी छापाचे, सदोष’ म्हणून ते हिणकसात काढले असते. हजारोंनी एकत्र राहिली म्हणून एका राजाने दुसऱ्याच्या राज्याचे काय केले हे आपल्याला वाचता आले. असा हंडा आज नांगराला लागला तर शेतकरी सरकारच्या भीतीने रातोरात मूस पेटवतो. ती भीती निव्वळ अडाणीपणाची आहे असे मी म्हणणार नाही. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरास न देणाऱ्यास कैद सांगितली. आणि सरकारने तो ठेवा घ्यायचे ठरविले तर मोबदला ठरविला धातूची किंमत आणि वर तिचा एक-पंचमांश. कर्नाटकाने पुढे या बाबतीत स्वतंत्र कायदा केला, पण मला येथे त्या जुन्या कलमाची मनोवृत्ती दाखवावयाची आहे. खुद्द कायदाच नाण्याला तराजूत घालतो, तर शेतकऱ्याने आणि त्या वृद्ध बाईंनी वेगळे काय करावे?

म्हणून या सभेपुढे माझी एकच सूचना आहे, आणि ती ठरावाच्या रूपात मांडण्याइतकी मोठी नाही. नाणे विकताना त्यासोबत आपल्या हस्ताक्षरात एक चिठी द्यावी: कोठून, केव्हा, कितीला घेतले, काय तपासले, कशाविषयी शंका आहे, आणि खाली सही. नाण्यावर ठोका मारण्याचे दिवस गेले, कागदावर मारता येईल. माझ्या होनाच्या डबीत अशी चिठी चाळीस वर्षे आहे. दुपारच्या चहाच्या वेळी तो होन मी भिंग आणि तराजू यांसह बाहेरच्या टेबलावर ठेवणार आहे; तरुणांनी तो हातात घ्यावा, वाजवावा, वेलांटीखालची ती खाच शोधावी. नजरचुकीने कोणी खिशात घातलाच, तर निदान चिठी तरी सोबत न्यावी.