सागरकिनाऱ्याची सहल : काय पाहावे आणि कसे पाहावे
(महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



आपल्या संस्थेच्या महोत्सवानिमित्त मुलांच्या सहलीसाठी काही निधी बाजूला काढावा, असा विचार चालू आहे. त्या अनुषंगाने कोकणच्या किनाऱ्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी चालकांनी मला आज्ञा केली. मंठाळसारख्या पठारावरच्या गावाने समुद्राची चर्चा करावी, हे काहींना गमतीचे वाटेल. ज्वारी-तुरीच्या रानात वाढलेल्या आपल्या मुलांना खाऱ्या पाण्याशी काय कर्तव्य, असेही कोणी विचारील.

परंतु कर्तव्य आहे, आणि ते जुने आहे. आपल्या शेजारचे बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी होती, तेव्हा गोव्याचे कदंब आणि उत्तर कोकणचे शिलाहार हे या कल्याणच्या गादीचे मांडलिक होते. पुढे बिदरच्या बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान याने कोकणात मोहीम काढली आणि १४७२ साली गोवे जिंकून घेतले. ज्याने बिदरचा मदरसा उभारला तोच हा पुरुष. म्हणजे एके काळी किनाऱ्याची सूत्रे आपल्याच मुलखातून हलत होती. शिवाय आपल्याकडे येणारा नैर्ऋत्येचा पाऊस त्याच समुद्रावरून येतो. सह्याद्री त्या ढगांना अडवितो. कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्या वाट्याला त्याचा तिसरा हिस्साही येत नाही. पुस्तकातील हा धडा घाट उतरताना मुलांना डोळ्यांनी दिसेल.

आता पाहावयाचे काय? कोणी म्हणेल, किल्ले पाहा. अवश्य पाहावेत. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजीमहाराजांनी सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. चहूकडे खारे पाणी असता आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट होय.

परंतु किल्ल्यांबरोबर जिवंत वारसाही पाहावा, अशी माझी विनंती आहे. पनवेलजवळ मुंबई-गोवा रस्त्याला लागूनच कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. ते १९६८ साली स्थापन झाले. मुरूड आणि रोहे यांच्या मध्ये फणसाडचे रान आहे. जंजिऱ्याच्या नबाबाचे हे शिकारीचे जंगल १९८६ साली अभयारण्य झाले. जेथे बंदुका वाजत तेथे आज शेकरू झाडावरून झाडावर उड्या घेते. गोव्यात मांडवीतील चोडण बेटावर डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. त्याचा विस्तार जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर; परंतु खारफुटीच्या मुळांमधून होडी जाते तेव्हा ते लहान वाटत नाही.

मंडणगड तालुक्यातील वेळास या गावाची हकीकत मात्र थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती आपल्यासारख्या सार्वजनिक संस्थांनी मनात धरण्यासारखी आहे. थंडीच्या दिवसांत रात्री समुद्रातून कासवाची मादी वाळूवर येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत जाते. मागे राखण करणारे कोणी नाही. कोल्हे-कुत्री ती अंडी उकरीत आणि माणसेही काढून नेत. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून काम आरंभिले. पहाटे किनारा फिरून घरटी शोधावयाची, अंडी अलगद उचलून कुंपणातील वाळूत तशीच पुरावयाची आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर आली की समुद्राच्या दिशेने सोडावयाची. पुढे ते पाहण्यास लोक येऊ लागले. त्यांची राहण्याजेवण्याची सोय गावातल्याच घरांनी केली. अंडी विकून मिळत त्याहून अधिक पैसा अंडी राखून मिळू लागला. नुसता उपदेश करून हे झाले नसते. उपदेशाला पोटाची जोड मिळाली म्हणून ते टिकले.

याची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मालवणच्या समुद्रात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. तेथे प्रवाळ आहे, नाना जातींचे मासे आहेत. परंतु आपल्या पोटावर पाय येईल या भीतीने तेथील मच्छीमारांनी त्यास विरोध केला. त्यांना दोष देणे सोपे आहे. आपल्या शिवाराभोवती उद्या कोणी न विचारता कुंपण घातले तर आपण काय करू, याचा विचार प्रत्येकाने करावा. याउलट वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या भगिनी स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवितात. ज्याचे रान त्याच्या हाती चार पैसे पडले, तर ते रान राहते.

म्हणून आपण पाहुणे म्हणून जाऊ तेव्हा पाहुण्यासारखे वागावे. गावातल्या घरी उतरावे, तेथलेच जेवण घ्यावे, होडीवाल्याशी चार आण्यांसाठी घासाघीस करू नये. वाळूवर गाडी घालू नये. त्या वाळूखाली एखादे घरटे असू शकते. प्रवाळावर पाय देऊ नये. तो दगड नव्हे, तो जीव आहे. आणि आपला कचरा आपण परत आणावा.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. आयाबहिणींनी विशेष लक्ष द्यावे. किनाऱ्यावर बुडून मरणाऱ्यांत देशावरून गेलेली तरुण मुले पुष्कळ असतात. आपली मुले विहिरीत पोहतात, तलावात पोहतात, म्हणून त्यांना समुद्राचे भय वाटत नाही. परंतु विहिरीचे पाणी जागेवर असते, समुद्राचे चालते. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, आणि रोज ती वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते. लाटा फुटतात त्यांच्या मधूनच एखादा ओढ्यासारखा प्रवाह आत खेचीत असतो, आणि वरून तेथे पाणी शांत दिसते. त्यात सापडल्यास त्याच्याविरुद्ध झुंजू नये, दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहून त्यातून निघावे आणि मग बाहेर यावे. भरतीची वेळ गावच्या कोळ्याला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये, आणि तो नको म्हणाला तर उतरूच नये. पावसाळ्यात तर किल्ल्याच्या होड्यादेखील बंद असतात. तेव्हा सहल नेण्याचा विचारच नको.

आपल्यातील काही वडीलधारी मंडळी म्हणतात, शाळेच्या छपराला पैसा लागतो, गरीब मुलांच्या वह्या-पुस्तकांना लागतो; सहल ही चैन आहे. त्यांचे म्हणणे मी हलके मानीत नाही. छप्पर आधी, यात वाद नाही. परंतु ऐपतदारांची मुले आपल्या गाडीने समुद्र पाहून येतातच. राहतो तो सालगड्याचा मुलगा आणि विधवेची मुलगी. तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर यांपलीकडचे जग त्यांना दाखविणारे दुसरे कोण आहे? धर्मादाय म्हणजे केवळ पोटाची सोय नव्हे, दृष्टीची सोय हाही धर्मच आहे.

तेव्हा माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, ज्यांना परवडत नाही त्यांची नावे यादीत आधी असावीत. दुसरी, सोलापूर-कोल्हापूरमार्गे घाट उतरून हिवाळ्यात जावे, पंचवीसांहून अधिक मुले एका वेळी नेऊ नयेत आणि दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस असावा. तिसरी, परत आल्यावर प्रत्येक मुलाने आपल्याच मुलखातील एका स्थळाविषयी लिहून आणावे. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळीचे अभयारण्य आहे, आपल्याकडे बसवकल्याणचा किल्ला आहे, बिदरच्या माळावर काळवीट आहे. वेळासच्या गावकऱ्यांनी कासव राखले. आपण काय राखणार, हा प्रश्न घेऊन मुले घरी आली तर सहलीचा पैसा कारणी लागला असे समजावे.

विश्वस्त मंडळींनी याचा विचार करावा, एवढी विनंती आहे.