उत्तेजक द्रव्ये आणि मेंदूतील डीएनए
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



अहवालाचे आकडे आपल्या हाती आहेतच. त्यांपलीकडच्या एका विषयाकडे आपले लक्ष वेधण्याची अनुमती असावी. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकात आमचा अधिकार नाही. परंतु "मुलगा अभ्यासासाठी जागतो आहे, असेच वाटत होते," असे सांगणारे पालक प्रथम आमच्याच कार्यालयाच्या दारी येतात.

खान्देश या व्यवहारापासून दूर आहे, असा समज कोणी बाळगू नये. डिसेंबर २०१३ मध्ये जळगावच्या औद्योगिक वसाहतीतून केटामाइनचा हजार किलोंहून अधिक साठा जप्त झाला. (केटामाइन उत्तेजक नव्हे, ते भूल देण्याचे औषध आहे. शस्त्रक्रियागृहात त्याचा हिशेब कुपीगणिक ठेवावा लागतो.) २०१६ साली सोलापुरात इफेड्रिनचा प्रचंड साठा सापडला, त्यापासून मेथॅम्फेटामाइन बनते. 'एमडी' अर्थात मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले, तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या कारखान्यातून ते शेकडो किलोंनी मिळाले.

आता मेंदूत काय घडते ते पाहू. चेतापेशी डोपामाइन हे रसायन सूक्ष्म पिशव्यांत जपून ठेवतात. मेथॅम्फेटामाइन त्या पिशव्या रित्या करते. सांडलेल्या डोपामाइनचे ऑक्सिडीकरण होऊन जी क्रियाशील द्रव्ये निर्माण होतात, ती डीएनएवर आघात करतात. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन सर्वांत सहज बिघडते. कोठे साखळीच तुटते. दुरुस्ती करणारी विकरे पेशीत असतात. पण वहीतील खाडाखोड दुरुस्त होण्याआधीच नवी खाडाखोड होऊ लागली, तर ताळेबंद कधीच जुळत नाही. त्वचेची पेशी गेली तर दुसरी येते. प्रौढ मेंदूतील चेतापेशींना बहुतांशी तशी बदली नसते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचा स्वतःचा डीएनएही यातून सुटत नाही. शरीराचे तापमान चढले की ही हानी वाढते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो.

डीएनएविषयीचा हा पुरावा मुख्यतः उंदरांवरील व पेशींवरील प्रयोगांतून आलेला आहे. मात्र २००१ साली अमेरिकेत मेथॅम्फेटामाइन घेणाऱ्यांच्या मेंदूची चित्रणे घेतली गेली, तेव्हा डोपामाइन परत उचलणारी प्रथिने घटलेली आढळली. वर्षभर व्यसन सुटलेल्यांत ती काही अंशी पुन्हा वाढली. स्मरणशक्ती व हालचालींतील उणीव तितकी भरून आली नव्हती.

यातील 'वर्षभर' हा शब्द नातेवाइकांनी ध्यानी धरावा. "पंधरा दिवस ठेवा, मग नेतो," अशी विनंती आम्हांस वारंवार होते. अफूवर्गीय व्यसनात पर्यायी औषध देता येते. उत्तेजकांसाठी तसे सर्वमान्य औषध नाही. झोप, आहार, समुपदेशन आणि पुनःपुन्हा तपासणी, हाच मार्ग. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झाले, तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली होती. देणगीदारांनी यंत्रांसाठी उदारपणे दिले आहे. समुपदेशकाच्या वेतनाला मात्र नामफलक लागत नाही, म्हणून ते मागे पडते. त्यासाठी स्वतंत्र निधी असावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्तांपुढे ठेवीत आहोत.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरे गप्प राहतात. कायद्याच्या कलम ६४-अ अन्वये, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी निःशुल्क आहे. हा क्रमांक बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर मराठीत लावला आहे.