पाठीला आधार देणारी गादी

अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगाव, पाथर्डी, नेवासा हे तालुके कापसाचे. सरकी काढलेली रुई पिंजून, खोळीत सारखी पसरून जाड दोऱ्याने टाके घातले की गादी तयार होते. पिंजारी समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या धनुकलीवर केले. आता पिंजण्याची यंत्रे आली आहेत.

गादीचे मुख्य काम कण्याचा नैसर्गिक बाक सांभाळणे. फार मऊ गादीत कंबर खचते, तर फार कडक गादीवर खांद्यांवर आणि खुब्यांवर दाब येतो. कुशीवर झोपल्यावर मानेपासून कमरेपर्यंत कणा सरळ रेषेत राहिला, तर गादी योग्य समजावी. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी मध्यम कडक गादी वापरणाऱ्यांना जास्त आराम मिळाला.

कापसाच्या गादीतून हवा खेळते, म्हणून ती उन्हाळ्यात सुखावह ठरते. मात्र वापराने तंतू दबतात, गाठी होतात आणि मध्ये खळगा पडतो. अधूनमधून ऊन दाखवल्यास ओल निघते. गादी बसली, की टाके उसवून तोच कापूस पुन्हा पिंजून भरता येतो.