मूठ गेली तरी पातें टाकूं नका
(एका खेड्यांतील शिक्षकानें कारागीर बंधूंपुढें केलेलें भाषण)



बापाचा वस्तरा केवळ मूठ फुटली म्हणून भंगारांत जातो, हें पाहून आम्हांस वाईट वाटतें. शेफिल्ड अगर सोलिंगेन येथील चांगल्या जुन्या पात्याचें पाणी, गंजूं दिलें नाहीं तर, शंभर वर्षें टिकतें. आधीं निकामी होते ती मूठ. दांडा मोडला म्हणून कुऱ्हाड कोणी टाकतो काय?

मूठ शोभेची नव्हे. ती पात्याचें म्यान आहे. तिच्या दोन पट्ट्यांत पातें बरोबर मध्यें मिटलें पाहिजे, नाहींतर धार पट्टीस लागून बिघडते. जुन्या मुठी शिंगाच्या, हाडाच्या, लांकडाच्या व पुढें सेल्युलॉइडच्या झाल्या. सेल्युलॉइड कुजूं लागलें कीं त्यांतून निघणारी आम्लाची वाफ पोलाद गंजविते. अशी मूठ तडकली किंवा तिला उग्र वास आला, तर पातें ताबडतोब वेगळें करावें. ती पट्टी चुलीजवळ नेऊं नये, भडकन पेटते.

आतां रीत सांगतों. प्रथम धारेवर जाड कापड बांधावें. खिळ्याचें एका बाजूचें डोकें कानशीनें घासून बोथट टोंकानें खिळा हलकेच बाहेर ठोकावा. पट्ट्या उचकटूं नयेत. पातें भोंकाजवळ तडकण्याचें भय असतें. जुन्या पट्टीवरून नवी आंखावी. शिसवी किंवा म्हशीचें शिंग चांगलें. दोन्ही पट्ट्या एकत्र बांधून भोंकें पाडावीं, म्हणजे तीं समोरासमोर येतात. दुसऱ्या टोंकास पाचर घालावी. ती आंत जाड व बाहेर निमुळती हवी. तिच्यावरच पातें मध्यें बसणें अवलंबून आहे. सुमारें दीड मिलिमीटर जाडीची पितळी तार घालून, दोन्ही अंगांस चकती देऊन, आळीपाळीनें हलके ठोके द्यावे व मधून मधून पातें मिटून पाहावें. ठोका जोराचा पडला तर पट्टी चिरते. सैल राहिला तर पातें डुलतें.

गंज काढण्यास पातें फिरत्या दगडावर धरूं नये. तापून निळें पडलें कीं पाणी उतरलें. मग सोन्याची मूठ घातली तरी व्यर्थ.

आणखी एक गोष्ट. असा वस्तरा एकाच माणसानें वापरावा. हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्ही हे रोग रक्तांतून पसरतात. म्हणून दुकानांत दर गिऱ्हाइकास नवें ब्लेड घालण्याचाच वस्तरा योग्य.

या कामांत सुताराची नजर, लोहाराचा हात व नाभिकाची पारख लागते. शाळेच्या पुस्तकांत नाहीं म्हणून ही विद्या नव्हे, असें मुलांस वाटूं देऊं नका. मूठ बसवितांना मुलगा-मुलगी दोघांनाही जवळ बसवा. माप, कोन व पोलादाचा गुण तीं तेथेंच शिकतील. म्हाताऱ्या कारागिराच्या हातांतील विद्या त्याच्याबरोबर सरणावर जाऊं नये, एवढीच आमची विनंती आहे.