निळी किल्ली आणि उरलेलीं दारें

वसईच्या किल्ल्यांत हिंडणारा मनुष्य कधीं एखाद्या घडीव दगडी कमानीखालून मोठ्या अपेक्षेनें आंत शिरतो, आणि पाहतो तों पलीकडे ना दालन, ना छप्पर. केवळ रान माजलेलें! हें कोडें कोणा गवंड्यानें बुद्ध्या घातलेलें नसतें. दार ज्या दालनाचें होतें तें काळाच्या ओघांत नाहींसें झालें, दार तेवढें उरलें. श्रोतेहो, अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांचा ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ (२००१) हा बोलपट पाहणाराची गतहि कांहींशी अशीच होते.

आपल्या प्रेक्षकांची संवय निराळी. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) चित्रपटांत वकिलाच्या मृत पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी स्त्री न्यायालयांत उभी राहते; परंतु अखेरीस एका चेहऱ्याच्या दोन स्त्रियांचा उलगडा होतो आणि प्रेक्षक निश्चिंत मनानें घरीं जातो. लिंच यांच्या बोलपटांतहि चेहऱ्यांचाच घोटाळा आहे. उलगडा मात्र कोणी करीत नाहीं.

हॉलिवुडांत नशीब काढावयास आलेली बेट्टी आणि मोटार-अपघातांत स्मृति गमावलेली रीटा या दोघींना एक चमत्कारिक घडणीची निळी किल्ली सांपडते. पुढें तिनें एक निळी पेटी उघडतांच सारें जग पालटतें. बेट्टीचाच चेहरा, पण नांव आतां डायॅन. अपयशानें खचलेली, मत्सरानें जळणारी नटी. रीटाचा चेहरा आतां कॅमिलाचा. जिच्यावर जीव जडला, त्या कॅमिलाला मारण्यासाठीं डायॅननें मारेकरी नेमला आहे. काम झाल्याची खूण म्हणजे एक साधी निळी किल्ली!

डीव्हीडीबरोबर लिंच यांनीं दहा सूचना छापविल्या: तांबडा दिवा पाहा, झगा व रक्षापात्र पाहा, किल्ली कोण देतो तें पाहा. उत्तर एकाचेंहि दिलें नाहीं. तथापि रक्षापात्राचेंच उदाहरण घ्या. शेजारीण येऊन आपलें रक्षापात्र घेऊन जाते, आणि पुढल्या एका दृश्यांत तें पुन्हा मेजावर दिसतें. अर्थात् तें दृश्य पूर्वीच्या काळचें! अशी खूण खरी.

उलट, आरंभीं दिसणारे पोलीस अधिकारी पुन्हा फिरकतच नाहींत. याचें कारण कथेंत नव्हे, इतिहासांत आहे. १९९९ सालीं हें काम दूरचित्रवाणीच्या मालिकेचा पहिला भाग म्हणून चित्रित झालें. वाहिनीनें तें नाकारलें. मग फ्रेंच भांडवलावर नवीं दृश्यें जोडून तें पुरें करण्यांत आलें. पोलिसांचें तें दार न बांधलेल्या दालनाचें आहे. जी खूण पुन्हा येते आणि येतांना बदलते, ती जिवंत. जी एकदांच येऊन थांबते, ती बहुधा उरलेलें दार.

मग किल्ली काय सांगते? बहुतेक रसिक पूर्वार्ध हें डायॅनचें स्वप्न मानतात. लिंच २०२५ च्या जानेवारींत निवर्तले. अर्थ त्यांनीं अखेरपर्यंत सांगितला नाहीं. परंतु स्वप्न मानिलें तर किल्लीचें बदललेलें रूप लगेच बोलूं लागतें. जागेपणीं जी खुनाची पावती, तीच स्वप्नांत मोहक रहस्य बनते. जिला मारविलें, ती स्वप्नांत जिवंत आहे आणि तिला वांचविणारी स्वतः डायॅनच! खून कोणीं केला, हा प्रश्नच मुळीं उरत नाहीं. केलेलें पाप स्वतःपासून लपविण्यासाठीं मनुष्याचें मन केवढें सुंदर घर बांधतें, आणि एका किल्लीनें तें कसें कोसळतें, हा खरा प्रश्न.

बोलपटांतील एका नाट्यगृहांत गायिका कोसळते, तरी गाणें चालूच राहतें. तें आधींच ध्वनिमुद्रित केलेलें असतें. हें ठाऊक असूनहि त्या दोघी ओक्साबोक्शी रडतात. खुणांचा हिशेब अवश्य मांडावा. पण तो मांडतां मांडतां हें रडणें ऐकावयाचें राहूं नये.