मर रोग आणि सरकीचे कूळ



जळगाव-धुळ्याच्या काळ्या जमिनीत ओल असूनही देशी कपाशीचे उभे झाड कोमेजून जात असे. मर रोगाची ही बुरशी वर्षानुवर्षे मातीत टिकते आणि मुळांवाटे शिरून रसवाहिन्या कोंडते. म्हणून उपाय बियाण्यातच शोधावा लागला, व खानदेशास मर रोगाला दाद न देणारे ‘विरनार’ हे वाण लाभले.

हा गुण वारशाने उतरतो खरा, पण सरळ रेषेत नव्हे. समजा, दोन प्रबळ घटक एकत्र असले तरच झाड तगते. अशा वाणाचा रोगास बळी पडणाऱ्या वाणाशी संकर झाला, तर पहिली पिढी धडधाकट दिसते. दुसरीत मात्र १६ पैकी सुमारे ७ झाडांत ती जोडी जुळतच नाही. सोयरीक ठरविताना सात पिढ्यांचे कूळ पाहणारे आपण, जिनातून आणलेल्या मिसळीच्या सरकीचे कूळ कधी विचारीत नव्हतो. आणि शेतात मर दिसली, की दोष वाणाला देत होतो.