स्माइल: क्वीनच्या आधीचा बँड

क्वीन तुम्ही ऐकलाच असेल. आज मी बोलणार आहे त्याच्या आधीच्या बँडबद्दल, ‘स्माइल’बद्दल.

साल १९६८, लंडन. गिटारवर इंपीरियल कॉलेजात शिकणारा ब्रायन मे, ड्रम्सवर रॉजर टेलर आणि बास वाजवत गाणारा टिम स्टॅफेल. १९६९ मध्ये त्यांचं एक सिंगल आलं, तेही फक्त अमेरिकेत. चाललंच नाही. १९७० मध्ये टिम बाहेर पडला. संपला बँड!

पण टिमचा आर्ट कॉलेजातला एक मित्र स्माइलचा पक्का चाहता होता. फारुख बलसारा. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, पहिला बँडही तिथलाच. टिमच्या जागी तो गायला उभा राहिला आणि झाला फ्रेडी मर्क्युरी!

मग टिमचं नशीब फुटलं म्हणायचं का? मला नाही तसं वाटत. ब्रायनसोबत त्याने लिहिलेलं गाणं क्वीनच्या १९७३ च्या पहिल्याच अल्बममध्ये आहे. पुढे तो मॉडेल्स बनवायला लागला, ‘थॉमस द टँक इंजिन’ या मुलांच्या मालिकेसाठीसुद्धा. आणि २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सिनेमासाठी तेच जुनं गाणं ब्रायन आणि रॉजरसोबत पुन्हा गायला.

बँड मोडला, पण दोस्ती नाही मोडली. तुमचाही कॉलेजचा ग्रुप फुटलाय? एक फोन करून बघा.